पाचवं घर

माझ्या मुलीच्या हातात परडी मीच दिली. कुणी सक्ती केली नव्हती, कुणी गळ घातली नव्हती. उलट मी हसत दिली, तिचा फोटो काढला आणि निपाणीला आईला पाठवूनही दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढचे चार दिवस मला कुणी पूर्व कुठे विचारलं असतं तर मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं असतं, अशी माझी अवस्था होती.

गोष्ट गेल्या नवरात्रातली. आम्ही टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, नवरा बँकेत आहे, मुलगी सात वर्षांची. माझं माहेर निपाणीचं, बौद्ध. आईनं आयुष्यभर बिड्या वळल्या आणि मला शिकवलं. सासर हिंडलग्याचं, शेतीवाल्या मराठ्यांचं, घरात सौंदत्तीच्या यल्लम्माची भक्ती. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं आणि पुढची दोन वर्षं सासरचं कुणी आमच्याशी बोललं नाही. मग मुलगी दोन महिने आधीच जन्मली, तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाई दवाखान्याच्या जिन्यात येऊन बसल्या. तेव्हापासून येणंजाणं आहे. मी त्यांना आत्ती म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात.

मुलगी शाळेत इंग्रजी बोलते, जिन्यात कन्नड, घरात मराठी. निपाणीला गेली की आजीशेजारी मांडी घालून वंदना म्हणते, हिंडलग्याला गेली की कपाळाला भंडारा लावून घेते. लोक विचारतात, पोरीचा गोंधळ होत नाही का? पोरीचा अजिबात होत नाही. उंबऱ्यावर चपला बदलाव्यात तशी ती बदलते. गोंधळ सगळा माझा आहे.

आत्ती निपाणीला आजवर चार वेळा आल्या असतील. दर वेळी चहा घेतात आणि जेवायची वेळ झाली की म्हणतात, "आज उपास हाय माझा." रविवार असो, बुधवार असो, उपास ठरलेला. त्या गेल्या की आई भांडी आवरता आवरता म्हणते, "विहीणबाईंचा देव लई कडक हाय बाई." मी नुसती भांडी पुसत राहते. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला जिन्यात बसून माझ्या पोरीसाठी रडलेली बाई.

आता त्या बुट्टीबद्दल. आईनं गुडघ्यांमुळे बिड्या वळणं सोडलं तेव्हा तिची बुट्टी मी मागून आणली. वेताची, उथळ, परातीएवढी, काठ तांब्याच्या तारेनं बांधलेला. लहानपणी मी अभ्यास करत बसायचे आणि शेजारी आईची ही बुट्टी, तिच्यात दोरा, कातर, कापलेली पानं. तिला अजून तंबाखूचा वास येतो. देताना आई एवढंच म्हणाली होती, "काय बी ठेव हिच्यात, पर रिकामी ठिऊ नको." मी लसूण ठेवला. आठ वर्षं माझ्या ओट्यावर त्या बुट्टीत लसूण होता. आईच्या त्या वाक्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. तिला अशा पुष्कळ सवयी आहेत.

नवरात्रात आत्ती पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आल्या; एरवी बाहेरच्या खोलीत बसून जायच्या. शुक्रवारी सकाळी लसूण घ्यायला गेल्या आणि बुट्टी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. काठाच्या खालच्या अंगाला एक कवडी शिवलेली आहे. मी ती शोभेची समजत होते.

"ही कुणाची गं?"

"आईची. बिड्यांची."

"बिड्यांची?" त्यांनी कवडीवरून अंगठा फिरवला. "ही परडी हाय गं पोरी. यल्लम्मा आईची परडी. आणि तू हिच्यात लसूण ठेवलीस?"

यल्लम्माची परडी म्हणजे काय ते मला माहीत होतं, इथं कुणाला माहीत नाही? नवरात्रात मंगळवारी, शुक्रवारी भक्त ती हातावर घेऊन पाच घरी जातात, "उदे गं आई उदे" म्हणतात आणि मूठ-मूठ पीठ मागतात. तो जोगवा. त्या पिठाची भाकरी करून उपास सोडायचा. हिंडलग्याला सासऱ्यांची आठ एकर जमीन आहे, पण जोगवा त्यांनीही मागितलाय. घर केवढंही मोठं असो, वर्षातून एकदा हात पसरायचा, अशी त्यांची रीत.

मग आत्ती जे बोलल्या त्यानं माझा घात केला. त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमच्याकडं बी आई होती. मग आपण एकाच आईच्या डोंगराचं की गं!"

आपण. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या बाईच्या तोंडून माझ्यासकट 'आपण' मी पहिल्यांदा ऐकलं. मला एवढा आनंद झाला की आजही तो आठवून स्वतःचा राग येतो. मी शिकलेली बाई, वर्गात पोरांना सांगते की कुठल्याही बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय ती उघडू नका. आणि मी त्या बुट्टीतला लसूण स्वतःच्या हातानं ताटात ओतला, बुट्टी धुतली, पुसली आणि म्हणाले, "घ्या आत्ती."

त्यांना ती स्वतःसाठी नको होती, मुलीसाठी हवी होती. पोरीला परकर नेसवला, भंडारा लावला आणि शिकवलं, "परडी अशी एका हाताच्या तळव्यावर तोलायची. दोन हातांनी धरायची न्हाय, ताट हाय व्हय ते?" पोरीला भारी मजा वाटली. आजी आणि नात आमच्या इमारतीत फिरल्या. पहिल्या घरी कन्नड मास्तरीणबाईंनी डोळे मिटून नमस्कार करत तांदळाचं पीठ घातलं. तळमजल्यावर कॅम्पातल्या एका फौजीचं कुटुंब नवीन राहायला आलंय, त्यांना काही कळेना, त्यांनी कपभर मैदा दिला. आत्ती म्हणाल्या, मैदा बी देवीचाच. चार घरं झाली. पाचव्याला कुलूप होतं आणि दिवेलागण झाली होती. आत्ती म्हणाल्या, एक घर मंगळवारी करू, तोवर माझा उपास चालू.

मी फोटो आधीच पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'तुझी बुट्टी बघ कुठं पोचली!' दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. शनिवारी सकाळी फोन आला.

"बुट्टी मोकळी कुणी केली?"

"मीच. का गं?"

"आणि पोरीला दारोदार उभी केलीस."

"आई, तसं नाही ते, त्यांच्यात..."

"माझ्या घरातलं कुणी परत हात पसरणार न्हाय म्हणून माझ्या आईनं शपथ घेतलीया," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. माझ्या आईनं माझा फोन कधी आधी ठेवलेला नाही. ती दहा वेळा 'ठेवू का' विचारणारी बाई आहे.

रविवारी मी एकटीच निपाणीला गेले. नवरा म्हणाला, "मला मध्ये घेऊ नका, तुम्ही तिघी बघून घ्या." शहाणा आहे. आईनं मला चहा दिला, समोर बसली आणि भिंतीकडे बघत सांगायला लागली.

"माझी आज्जी त्या बुट्टीवर जगली. तिला लहानपणीच देवीला सोडलीती. मी तिला बघितली तवा तिचं डोळं गेलतं. मी सा वर्साची. मंगळवारी, शुक्रवारी मीच तिला हात धरून न्यायची. मोठ्या घरांच्या अंगणात उभं ऱ्हायाचं. पायरीला पाय लावायचा न्हाय. घरातली बाई पायरीवर यायची आणि वरनं पीठ सोडायची, हाताला हात लागू नये म्हणून. निम्मं बुट्टीत पडायचं, निम्मं माझ्या डोस्क्यावर. पोरं हसायची."

आईनं माझा गार झालेला चहा उचलून बाजूला ठेवला.

"एकदा माझी आई तंबाखूच्या वखारीतनं घरी आली. मी दारात, डोसक्यापासनं पांढरी. ती काय बोलली न्हाय. बुट्टी घेतली, पीठ कोंबड्यांस्नी टाकलं आणि बिड्यांचा दोरा, पानं, कातर तिच्यात ठिवली. म्हणाली, आता ही मागणार न्हाय, आता ही कमवणार. रिकामी ठिऊ नगा, रिकामी झाली की मागाय लागती."

"आणि पणजी?"

"दोन दिस जेवली न्हाय. देवी कोपंल म्हणून रडायची. तिसऱ्या दिशी आईनं तिला बिडीला दोरा बांधाय शिकवलं. आंधळी होती, पर बोटं हुशार होती. मरस्तवर दोरा बांधला तिनं. मागनं वस्तीनं दीक्षा घेतली. पर आमच्या घरात दीक्षा त्या दिशी झालती."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू शिकालतीस. चांगलं चाललंतं. कशाला सांगू?"

परत येताना बसमध्ये मला सारखं रडू येत होतं आणि शेजारची बाई मला शेंगा देत होती. सरकारी बस बायकांना फुकट असते, तिचं ते शून्य रुपयाचं तिकीट मी बोटात चुरगाळत बसले. काही केल्या डोक्यात सरळ रेघ ओढता येईना. हिंडलग्याच्या घरात मागणं म्हणजे वर्षातून एकदा ताठा उतरवणं. आमच्या घरात ताठा उतरवायला आधी तो कधी चढायला तरी हवा होता. परडी तीच, 'उदे गं आई' तेच, आणि माझी मुलगी दोन्ही घरांची. एका आजीचं ऐकावं तर ती माझ्या पणजीसारखी दारात उभी राहणार. दुसरीचं ऐकावं तर जी तिच्यासाठी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली तिला सांगायचं की तुमची देवी आमच्या दारी नको. आणि मला सगळ्यात भीती वाटत होती ती वेगळीच. आई फार थोड्या गोष्टी बोलते, पण बोलली की फिरत नाही. तिनं दार लावलं तर माझ्या मुलीचं आजोळ जाणार होतं. माझ्या एका फोटोपायी.

सोमवारी संध्याकाळी आत्ती भाजी निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. पणजी, अंगण, पायरी, वरून पडणारं पीठ. मला वाटलं, त्या म्हणतील, जुनं कशाला उकरतीस. त्यांनी हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

"ही पेटीत होती तवा मी बोललेते," त्या म्हणाल्या. "पोर घरला येऊदे, पाच घरचा जोगवा मागीन म्हणून. सात वर्सं झाली. तुला इचारायचं धाडस झालं न्हाय. दर आजारपणाला मला वाटायचं, माझ्यामुळंच. परडी दिसली तवा वाटलं, आईनंच धाडली."

देवी कुणाला काय धाडते यावर माझा विश्वास नाही. पण सात वर्षं पोरीच्या प्रत्येक तापाला ही बाई स्वतःला दोष देत होती, हे मला माहीत नव्हतं.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी बी वरनंच वाढायची. सासूनं तसंच शिकवलं. वरनं सोडायचं. कुणाच्या डोस्क्यावर पडतंय ते कोण बघतंय?" भाजी तशीच टाकून त्या उठल्या, मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि पदराला पुसत परत आल्या. "पाचवं घर तुझ्या आईचं धरूया."

हा पश्चात्ताप होता की नवस उरकायची घाई, मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही. दोन्ही असेल. मला संतापही आला, की साठ वर्षांनी पीठ मागायला पुन्हा आमच्याच दारात? आणि त्याच वेळी बरंही वाटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मी आईला फोन लावला आणि एका दमात सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"मंगळवारी सुट्टी हाय तुला?" आईनं विचारलं.

"रजा टाकीन."

"या मग."

एवढंच. 'या मग' हे मी त्या रात्री निरनिराळ्या सुरांत स्वतःशी म्हणून बघितलं. प्रत्येक सुरात अर्थ वेगळा निघाला.

मंगळवारी आम्ही तिघी निघालो. चार घरचं पीठ बुट्टीत, वरून पांढरं फडकं बांधलेलं, आणि आत्तींनी बुट्टी मांडीवर एका हातानं धरलेली. त्या सराईत आहेत, घाटात बस वळली तरी बुट्टी हलली नाही. मुलगी खिडकीशी बसून गाडीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं "उदे गं आई उदे"चा सराव करत होती. बोलू नये ते बोललं जाईल, आणि जे बिघडेल ते निस्तरायला मी कुठल्या बाजूला उभी राहणार, हेच मला ठरवता येत नव्हतं.

आईचं घर रस्त्यापासून दोन पायऱ्या वर आहे. आई दारातच होती. धुतलेलं पांढरं लुगडं, चष्मा, हात मागे. मुलीनं आत्तींच्या हातातून परडी घेतली, तळव्यावर तोलली, अंगणात उभी राहिली आणि शिकवल्याप्रमाणे खणखणीत आवाजात म्हणाली, "उदे गं आई उदे!" शेजारच्या दोन बायका दारात आल्या. आईचा चेहरा मी कधी एवढा दगड झालेला पाहिला नव्हता.

"बाळ," ती म्हणाली, "ती खाली ठेव."

"आज्जी, पीठ वाढ की! तू पाचवी हायस."

"नातीनं आज्जीच्या दारात उभं ऱ्हायाचं नसतं. खाली ठेव आणि आत ये. हातपाय धू. ताट वाढलंय तुझं."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे बघितलं. मग मी मान हलवली. मुलीनं परडी माझ्या हातात दिली आणि पायऱ्या चढून आत गेली. आत मोरीत पाण्याचा आवाज आला. मी परडी घेऊन मधोमध उभी, ना पायरीवर ना रस्त्यावर. मला वाटलं, झालं. आता आई दार लावेल.

"नवस कुणी बोललाय?" आईनं विचारलं. माझ्याकडे न बघता.

"मी," आत्ती म्हणाल्या.

"मग तुमी धरा."

आत्तींचा चेहरा पडला, लाल झाला, मग तसा राहिला नाही. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या हातातून परडी घेतली. हिंडलग्याच्या आठ एकरांची मालकीण आमच्या अंगणात, पायरीच्या खाली, तळव्यावर परडी तोलून उभी राहिली. त्यांनी शेजारच्या बायकांकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "उदे गं आई उदे."

आई आत गेली. परत यायला तिला फार वेळ लागला, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांच्या ओंजळीत ज्वारीचं पीठ होतं. ती पायरीवर थांबली. मला माहीत होतं ती कशासाठी थांबली. वर ती, खाली त्या. तिनं नुसती ओंजळ उघडली असती तरी पुरे होतं. मी, तिची लेक, मनातून म्हणत होते, सोड, वरूनच सोड. आणि त्याच मनातून म्हणत होते, नको.

"पाच घरं झाली की उपास सुटतो न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय," आत्ती म्हणाल्या. "ह्याच पिठाची भाकरी खाऊन."

"तवा तापत ठेवलाय. ताटं चार वाढल्यात."

मग माझी आई दुखरे गुडघे सांभाळत, ओंजळ सांडू न देता, एक पायरी उतरली. दुसरी उतरली. अंगणात आत्तींच्या समोर, त्यांच्याच उंचीवर येऊन उभी राहिली. ओंजळ परडीत टेकवली आणि हळूच उघडली. पीठ जरासुद्धा उडालं नाही. तिची बोटं आत्तींच्या मनगटाला लागली आणि तिनं ती लगेच काढून घेतली नाहीत.

"नीट धरा, विहीणबाई," आई म्हणाली. "लई जड असती ती."

ओंजळभर तर पीठ होतं. पण आत्तींनी परडीला दुसरा हात लावला.